सरासरीचा हिशेब

सन २०२३ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयता मेलबर्नला लेकीकडे होतो. आपल्याकडे त्या दिवसांत आवणीची धांदल आणि पागोळ्यांचा आवाज. तिकडे ऐन हिवाळा. दुपारी चारनंतर ऊन नाहीसे होई, नि आम्ही दोघे खांद्यांवर शाली घेऊन दूरचित्रवाणीसमोर बसत असू. त्यातले निम्मेअधिक बोलणे आम्हांला उमगत नसे. त्या देशाचे इंग्रजी आम्ही शाळेत शिकलो नि शिकवले त्या इंग्रजीहून निराळे. परंतु ७ जुलैच्या संध्याकाळी जे दाखवले गेले, ते न समजूनही आमच्या मनात रुतून बसले. एका जाडजूड अहवालाचे खंड पडद्यावर दिसत होते, नि त्यापाठोपाठ डोळे पुसणाऱ्या बाया, मान खाली घातलेले तरुण. ही माणसे कोण नि कशासाठी रडत आहेत, असे आम्ही लेकीला विचारले.

ती कामावरून नुकतीच आली होती. हातातली पिशवी तशीच ठेवून ती म्हणाली, "बेकारभत्ता घेतलेली माणसं आहेत ही, बाबा. सरकारनं मागची सगळी वर्षं उकरून काढली, आणि 'तुम्ही जास्त पैसे घेतलेत, परत करा' म्हणून पत्रं पाठवली. हिशेब सरकारचाच चुकला होता."

"चुकला म्हणजे कसा?" आम्ही विचारले.

"वर्षाची कमाई घेतली आणि सगळ्या पंधरवड्यांत सारखी वाटून टाकली."

त्यानंतर आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही. लेकीला वाटले, थंडी वाजत असेल. तिने आणखी एक चादर आणून दिली. परंतु आम्ही एकमेकांकडे पाहिले, नि दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच वही उभी राहिली, हे न सांगताच दोघांना कळले. त्या वहीविषयीच हे लिहायचे आहे. परंतु ती उघडण्यापूर्वी त्या परक्या देशात काय घडले ते सांगणे प्राप्त आहे. कारण त्याच्या आरशातच आम्हांला आमचा चेहरा दिसला.

ऑस्ट्रेलियात बेकारभत्ता ही जुनी गोष्ट आहे. १९४४ साली त्यासाठी कायदा झाला नि १९४५ पासून भत्ता मिळू लागला. हा भत्ता पंधरवड्याच्या हिशेबाने दिला जातो. माणसाने त्या पंधरवड्यात काही कमावले असेल तर ते कळवायचे. कमाई ठरावीक मर्यादेबाहेर गेली की भत्ता त्या मानाने कमी होतो. ज्या पंधरवड्यात काम नाही, त्या पंधरवड्यात पूर्ण भत्ता. यात सारा भर "त्या पंधरवड्यात" या शब्दांवर आहे. गेल्या महिन्यात पोटभर जेवलेल्याला या महिन्यात भूक लागत नाही, असे कोणताही शहाणा कायदा मानीत नाही.

भत्ता घेणाऱ्याने सांगितलेली कमाई नि कर खात्याकडील कमाई यांचा ताळा जमवून पाहण्याची पद्धतही तिकडे जुनीच. पूर्वी तफावत आढळली की एखादा अधिकारी ती नीट तपासून पाही, गरज पडल्यास मालकाकडून पगाराचा तपशील मागवी, नि मगच काय तो निर्णय होई. २०१५ सालच्या अंदाजपत्रकात हे काम मोठ्या प्रमाणावर करून अब्जावधी डॉलर वाचवण्याची योजना आली, नि २०१६ च्या मध्यापासून ते जवळजवळ सर्वस्वी संगणकाकडे गेले. पूर्वी जेवढ्या तपासण्या वर्षाकाठी होत, सुमारे तेवढी, म्हणजे वीस हजारांच्या घरातील पत्रे एकेका आठवड्यात निघू लागली. लोकांनी या योजनेला 'रोबोडेट', म्हणजे यंत्राने काढलेले कर्ज, असे नाव दिले.

संगणकाचा हिशेब कसा होता, ते एका उदाहरणाने सांगू. समजा, एका तरुणाने वर्षाचे पहिले सहा महिने नोकरी केली. तेरा पंधरवडे, प्रत्येकी दोन हजार डॉलर, एकूण सव्वीस हजार. पुढे नोकरी गेली. उरलेले सहा महिने तो बेकार होता, नि त्या काळात त्याने नियमाप्रमाणे भत्ता घेतला. कर खात्याच्या दप्तरी वर्षाची कमाई सव्वीस हजार. संगणकाने वर्षाच्या सव्वीस पंधरवड्यांनी तिला भागले, नि म्हटले, याची कमाई दर पंधरवड्याला एक हजार! अर्थात, ज्या पंधरवड्यात त्याच्या खिशात दमडी नव्हती, त्यातही तो हजार डॉलर मिळवीत होता असे ठरले. मग भत्ता घेतला तो कसा? परत करा!

पत्र आलेल्या माणसानेच आपला निर्दोषपणा सिद्ध करावयाचा होता. पाचपाच, सहासहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणा, बँकेची पत्रके आणा. ज्या हॉटेलात कधी ताटे धुतली ते हॉटेल बंद पडलेले, ज्याच्याकडे काम केले तो मालक गाव सोडून गेलेला. पुष्कळांना तर पत्र मिळालेच नाही, कारण ते जुन्या पत्त्यावर गेले. उत्तर आले नाही की सरासरी कायम. कित्येकांच्या रकमेवर दहा टक्के दंडही चढला. कर्जवसुली करणाऱ्या खाजगी कंपन्यांचे दूरध्वनी येऊ लागले, कर खात्याकडून परत मिळावयाची रक्कम परस्पर वळती होऊ लागली. डिसेंबर २०१६ मध्ये तर एका मंत्र्याने दूरचित्रवाणीवरून बजावले, की आम्ही तुम्हांला शोधून काढू, पैसे परत द्यावे लागतील, नि कदाचित तुरुंगही पाहावा लागेल.

लेकीने हे सारे एकेका संध्याकाळी आम्हांला समजावून सांगितले, वाचून दाखवले. ती एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगे. "पैशांपेक्षा लाज मोठी होती, आई. 'आपण लबाड ठरलो' असं लोकांना वाटायचं. म्हणून कुणी कुणाला सांगत नव्हतं." चौकशीपुढे दोन मातांनी साक्ष दिली. त्यांच्या तरुण मुलांनी अशा पत्रांनंतर आपले जीवन संपवले होते. त्यांविषयी अधिक लिहिण्याचा आमच्या लेखणीला अधिकार नाही.

वास्तविक ही सरासरी कायद्यात बसत नाही, असा सल्ला सरकारच्याच एका खात्यातील कायदेतज्ज्ञांनी २०१४ साली, म्हणजे योजना सुरू होण्यापूर्वीच दिला होता. २०१७ साली प्रशासकीय न्यायाधिकरणाचे सदस्य प्राध्यापक टेरी कार्नी यांनी एकापाठोपाठ एक प्रकरणांत तेच सांगितले. सरकारने त्या निकालांवर अपील केले नाही नि योजनाही थांबवली नाही. अखेर मेलबर्नच्याच एका तरुणीचा दावा वरच्या न्यायालयात गेला. तिच्याकडून मागितले होते अडीच हजारांहून अधिक डॉलर. नीट हिशेब केला तेव्हा देणे निघाले दीड डॉलरच्याही आत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने तिच्या प्रकरणातील वसुली बेकायदा असल्याचे न्यायालयात मान्य केले. पुढच्या वर्षी मे महिन्यात सुमारे ४ लाख ७० हजार कर्जांचे ७२ कोटी १० लाख डॉलर परत करण्याची घोषणा झाली, नि जूनमध्ये पंतप्रधानांनी संसदेत दिलगिरी व्यक्त केली. २०२१ साली न्यायमूर्ती मर्फी यांनी सामूहिक दाव्यातील तडजोड मान्य करताना या प्रकाराला लाजिरवाणा अध्याय म्हटले. मग क्वीन्सलंडच्या माजी मुख्य न्यायाधीश कॅथरिन होम्स यांच्या आयोगाने शंभरहून अधिक साक्षीदार तपासले. त्याचा सुमारे हजार पानांचा अहवाल म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही पाहिलेले ते खंड. ही योजना ओबडधोबड नि क्रूर होती, न्याय्यही नव्हती नि कायदेशीरही नव्हती, असा त्याचा निष्कर्ष. २०२५ साली सरकारने आणखी ४७ कोटी ५० लाख डॉलर भरपाई देण्याचे कबूल केले.

आता आमची वही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आमच्या गावातील काही घरांचे कर्ते पुरुषही त्यांत होते. पहिले काही महिने वाडीतल्या केळी-भाजीपाल्यावर, सोयरीकीच्या आधारावर निघाले. पुढे बायकांच्या अंगावरचे दागिने एकेक करून पेढीवर जाऊ लागले. तेव्हा गावातील पाचसात मंडळींनी मिळून एक सहाय्य निधी उभा केला. ज्या घरात महिन्याला दीडशे रुपयांचीही आवक नाही, त्या घराला दरमहा शंभर रुपये द्यायचे, असा साधा नियम. आम्ही दोघेही शिक्षक, हस्ताक्षर बरे, म्हणून काम आमच्याकडे आले. आमच्यातील एकाने वही लिहावी, दुसरीने घरोघर जाऊन परिस्थिती पाहून यावी, अशी वाटणी झाली.

त्या वहीत एका विणकराचे नाव होते. नाव येथे देत नाही. जुलै १९८३ ते फेब्रुवारी १९८४ असे आठ महिने त्याच्या घरी शंभर रुपये गेले. मार्चमध्ये तो स्वतः येऊन म्हणाला, "मास्तर, या महिन्यापासून नको. मिठागरावर काम लागलंय." पावसाळा येईपर्यंत, म्हणजे तीन महिने, त्याने मीठ ओढले. जूनपासून पुन्हा रिकामा होता; परंतु निधीकडे फिरून आला नाही.

१९८५ साली निधी बंद करण्याचे ठरले, नि शेवटचा हिशेब तपासण्यासाठी बैठक बसली. कोणी म्हणाले, अमक्याने मदतही घेतली नि मिठागरावर पैसेही मिळवले. मुकादमाशी ओळख असलेल्या एकाने आकडा आणला. त्या वर्षभरात त्याला एकूण अठराशे रुपये मिळाले होते. बैठकीत कागदावर भागाकार झाला. अठराशे भागिले बारा, बरोबर दीडशे. म्हणजे दीडशेच्या आत नाही. म्हणजे आठही महिन्यांची मदत नियमबाह्य. म्हणजे आठशे रुपये परत मागावेत.

तो भागाकार आमच्या हाताने झाला होता.

घरी आल्यावर आमच्यातील दुसरी म्हणाली, "अहो, मी त्यांच्या घरी त्या महिन्यांत जात होते. चूल पेटली नव्हती असे दिवस मी पाहिलेत. त्या महिन्यांत त्यांना काम नव्हतं." वहीवाल्याने उत्तर दिले, "नियम सर्वांना सारखा हवा. आज याला सोडले तर उद्या दुसरा बोलेल." ती गप्प राहिली. आज आम्ही दोघे सांगतो, ज्याने ते उत्तर दिले नि जिने ते ऐकून घेतले, त्या दोघांचाही दोष सारखाच. डोळ्यांनी पाहिलेले घर खरे, की कागदावरचा भागाकार खरा, हा प्रश्न त्या रात्री आमच्या घरात उभा होता. आम्ही भागाकाराच्या बाजूने दिवा मालवला.

तो विणकर बैठकीपुढे आला. आवाज न चढवता म्हणाला, "ज्या महिन्यांत घेतले त्या महिन्यांत काम नव्हतं. ज्या महिन्यांत काम होतं त्या महिन्यांत घेतले नाहीत. याउपर मला काय सांगता येणार?" पुरावा मागितला तेव्हा त्याच्याकडे पुरावा नव्हता. काम नव्हते याची पावती जगात कोण देतो? त्याने वाद घातला नाही. दरमहा वीस रुपये देण्याचे कबूल केले.

ऑगस्ट १९८५ पासून नोव्हेंबर १९८८ पर्यंत, चाळीस महिने, त्याची बायको महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर आमच्या दारी येई. पदराच्या गाठीतून वीस रुपये काढी, वहीत आकडा मांडला जाईपर्यंत उभी राही, नि जाई. "बसा, चहा घ्या" म्हटले तर "घरी काम आहे" म्हणे. तो स्वतः पुन्हा आमच्या ओटीवर चढला नाही. रस्त्यात भेटला तर पूर्वी "मास्तर" म्हणून हाक मारी; त्यानंतर नुसती मान हलवी. तो वारला तेव्हा आम्ही अंत्यविधीला गेलो, मूठभर माती टाकली, नि परत आलो. मन जरा खात होते. पण माणसाचे मन थोडेसे खाते नि मग गप्प बसते. ते गप्प राहिले पस्तीस वर्षे, मेलबर्नच्या त्या थंड संध्याकाळपर्यंत.

येथे कोणी म्हणेल, कोठे लाखो माणसांना पत्रे धाडणारे सरकार नि कोठे तुमचे आठशे रुपये! आम्हीही स्वतःला तसे सांगून पाहिले. परंतु हिशेबाची रीत तीच होती. वर्षाचा आकडा बाहेरून आणायचा, तो बारा महिन्यांत पसरायचा, नि खोटे ठरवण्याचे ओझे गरिबाच्या डोक्यावर द्यायचे. त्यांच्या संगणकाने निदान कोणाची थंड चूल पाहिलेली नव्हती. आम्ही पाहिली होती.

आपल्या देशातही मागाहून वसुली ही अनोळखी गोष्ट नाही. पगार किंवा निवृत्तिवेतन चुकून जास्त दिले गेले म्हणून वर्षानुवर्षांनी ते परत मागितल्याची प्रकरणे न्यायालयांत जात आली आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाबमधील एका प्रकरणात ठरवून दिले, की तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात निवृत्त होणारे, तसेच ज्यांना पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत आली, अशांकडून ती वसूल करू नये. तेथे रक्कम खरोखरीच जास्त गेली होती, तरीही न्यायालयाने माणसाच्या परिस्थितीकडे पाहिले. आमच्या विणकराला तर एक रुपयाही जास्त गेला नव्हता.

ऑगस्टअखेर आम्ही घरी परतलो. सामान उघडण्यापूर्वी माळ्यावर चढून ट्रंक काढली. वही मिळाली. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण पाने शाबूत. त्याच्या नावापुढे तांबड्या शाईत आमचेच अक्षर होते, "जादा उचल. रु. ८०० वसूल." आठ महिन्यांच्या नोंदींसमोर समासात दुसऱ्या हाताने, पेन्सिलीने, घरभेटीचे शेरे होते. "काम नाही." "काम नाही." "मुलगी आजारी, काम नाही." पुरावा मागितला गेला, तेव्हा तो त्याच वहीत, त्याच पानावर होता.

त्याची मुलगी दोन स्टेशने पलीकडे राहते. तिलाही आता नातवंडे आहेत. आम्ही पाकिटात पैसे घालून गेलो. व्याज धरून किती होतील याचाही हिशेब केला होता, जन्माची खोड. तिने आम्हांला बसवले, पाणी दिले, नि सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "वही आणलीत का?"

आम्ही वही पुढे केली. तिने चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिले. समासातल्या "मुलगी आजारी" या शब्दांवर बोट ठेवले, पण त्याविषयी काही बोलली नाही. म्हणाली, "बापाला पैशांचं दुःख नव्हतं, टीचर. ते म्हणायचे, वहीत माझं नाव लबाड म्हणून पडलं. ते आधी दुरुस्त करा."

आम्ही तेथेच, तिच्या समोर, तांबड्या ओळीखाली लिहिले, "वरील वसुली चुकीची होती. ज्या महिन्यांत मदत घेतली, त्या महिन्यांत या घरी काम नव्हते. नियम मोडला नाही." खाली दोघांच्या सह्या नि तारीख. तिने भ्रमणध्वनीवर त्या पानाचे छायाचित्र काढून घेतले.

मग पाकीट उघडून तिने आठशे रुपये मोजून घेतले नि बाकीचे आमच्या हाती परत ठेवले. "आयने आठशेच दिले होते," ती म्हणाली. "आठशेच घेईन."

चहा मात्र तिने करू दिला नाही असे नव्हे. तो तिने आग्रहाने केला, नि आम्ही तो प्यालो. आम्हांला क्षमा मिळाली की नाही, हे आम्ही तिला विचारले नाही. ते विचारण्याचा हक्क आमचा नव्हता.

आपल्या गावोगावी पतपेढ्या आहेत, मदतनिधी आहेत, मंडळे आहेत. त्यांच्या वह्या आपल्यासारख्याच साध्या माणसांच्या हाती असतात. हिशेब चोख हवाच. जो निधी सर्वांचा, त्यात लबाडी चालू देऊ नये, हेही खरे. परंतु गरिबाला दिलेले परत मागण्याची वेळ आली, तर भागाकार करण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे, की बाबा, त्या महिन्यात तुझ्या घरी काय होते? नि तो सांगेल ते ऐकताना वहीचा समासही एकदा वाचून पाहावा.